पीएचचं गणित आणि बफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयनिक समतोलाचा धडा सुरू झाला की हे प्रश्न दरवर्षी येतात. बरेचसे बारावीच्या आणि बी.एस्सी.च्या मुलांचे, काही लॅब टेक्निशियनचे, एक-दोन डेअरीतल्या माणसांचे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल असं लिहिलंय; जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिलाय. खुणा एवढ्याच: ^ नंतरची संख्या म्हणजे घात, चौकटी कंस म्हणजे संहती (मोल प्रति लिटर, म्हणजेच मोलर), आणि वेगळं सांगितलं नसेल तर तापमान २५ अंश सेल्सिअस.

१. पीएच म्हणजे नेमकं काय? त्यात लॉग आणि उणे चिन्ह कशाला?

द्रावणात हायड्रोजन आयन किती आहेत ते सांगणारी ही संख्या: पीएच = -लॉग[एच+]. माती परीक्षणाच्या अहवालात ज्याला ‘सामू’ म्हणतात तो हाच.

लिंबाच्या रसात [एच+] साधारण ०.०१ असते, साबणाच्या पाण्यात ०.०००००००००१ च्या आसपास. ही शून्यं रोज कोण मोजणार? कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (होय, बिअरवाल्यांचीच) सोरेन सोरेनसन विकरांवर काम करत होते. त्यांनी १९०९ मध्ये फक्त घात लिहायची सोय काढली. घात उणे असतो, म्हणून पुढे आणखी एक उणे लावून संख्या धन केली. त्यामुळे मोजपट्टी उलटी झाली: आयन वाढले की पीएच उतरतो.

पीएच एकाने उतरला म्हणजे आयन दसपट झाले आणि ०.३ ने उतरला म्हणजे दुप्पट. ‘फक्त ०.३ चा तर फरक आहे’ असं म्हणण्याआधी हे आठवा.

२. आमच्या पुस्तकात क्षार म्हणजे सॉल्ट, आणि हिंदी व्हिडिओत क्षार म्हणजे अल्कली. खरं कुठलं?

दोन्ही, आपापल्या भाषेत. मराठी पाठ्यपुस्तकात ॲसिड म्हणजे आम्ल, बेस म्हणजे आम्लारी, पाण्यात विरघळणारी आम्लारी म्हणजे अल्क आणि सॉल्ट म्हणजे क्षार. हिंदीत बेस म्हणजे क्षारक, अल्कली म्हणजे क्षार आणि सॉल्ट म्हणजे लवण. त्यात आपली बोली आणखी घोळ घालते, कारण पापडखारातला ‘खार’ हा अल्कधर्मीच असतो. या पानावर क्षार म्हणजे सॉल्ट, बस्स. मात्र प्रत्येक क्षाराचं द्रावण उदासीन असतं असं समजू नका. तो प्रश्न ९ चा विषय.

३. तीव्र आम्ल आणि संहत आम्ल एकच ना?

नाही. तीव्र-सौम्य हा स्वभाव, संहत-विरल हे प्रमाण. ०.००१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र आहे पण विरल. बाटलीतलं ग्लेशियल ॲसेटिक आम्ल सौम्य आहे, पण त्याची संहती सुमारे १७.४ मोलर असते आणि हातावर पडलं तर कातडी भाजते. ‘सौम्य’ या शब्दावर विसंबून हातमोजे काढू नयेत.

४. तीव्र आम्ल किंवा आम्लारी दिली असेल तर पीएच कसा काढायचा? कॅल्क्युलेटर नसतो.

तीव्र आम्ल पूर्ण विचरित होतं (आयनांत फुटतं), म्हणून त्याची संहती तीच [एच+]. ०.०२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल: २ × १०^-२, लॉग २ = ०.३०, म्हणून पीएच = २ - ०.३० = १.७०. आम्लारीसाठी आधी पीओएच (म्हणजे -लॉग[ओएच-]) काढा आणि १४ मधून वजा करा. लॉग २ = ०.३०, लॉग ३ = ०.४८, लॉग ७ = ०.८५ एवढे तीन पाठ करा. ४, ५, ६, ८, ९ चे लॉग त्यातूनच निघतात (५ म्हणजे १० भागिले २, म्हणून १ - ०.३०).

कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा एक रेणू दोन हायड्रॉक्साइड आयन देतो. ही दुप्पट विसरून दरवर्षी किती गुण जातात ते विचारू नका.

५. सौम्य आम्लाला तेच सूत्र का चालत नाही? आणि तो ‘क्ष दुर्लक्षित करा’ प्रकार कधी करायचा?

कारण सौम्य आम्लाचे मोजकेच रेणू फुटतात. किती फुटतात ते विचरण स्थिरांक केए सांगतो. ॲसेटिक आम्लाचा केए १.८ × १०^-५ आहे, म्हणजे पीकेए (केएचा उणे लॉग) ४.७४. (काही पुस्तकांत ४.७६ दिसेल, तिथे केए १.७५ × १०^-५ घेतलेला असतो. भांडू नका.)

०.१ मोलर ॲसेटिक आम्लात क्ष एवढी संहती फुटली असं धरा. मग क्ष² / (०.१ - क्ष) = १.८ × १०^-५. छेदातला क्ष तात्पुरता सोडला तर क्ष² = १.८ × १०^-६, क्ष = १.३४ × १०^-३, पीएच = २.८७.

आता उलट तपासा. ०.१ पैकी ०.००१३४ म्हणजे १.३ टक्के. पाच टक्क्यांच्या आत आहे, म्हणून सोडलेला क्ष माफ. हेच आम्ल ०.०००१ मोलर असतं तर याच सोप्या वाटेने ४२ टक्के फुटल्याचं उत्तर येतं. म्हणजे गृहीतक कोसळलं, वर्गसमीकरण सोडवायलाच हवं. क्ष सोडणं ही उधारी आहे, शेवटी फेडता येते का ते बघावंच लागतं.

६. १०^-८ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच ८ येतो. आम्ल टाकून पाणी अल्कधर्मी कसं होईल?

होत नाही. सूत्र बरोबर आहे, मोजणी अर्धवट आहे. शुद्ध पाण्याचे स्वतःचे १०^-७ हायड्रोजन आयन आधीच भांड्यात असतात आणि तुम्ही टाकलेले त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढे. दोन्ही नुसते मिळवले तर १.१ × १०^-७ येतात; पण आम्ल पडल्यावर पाणी आपलं विचरण थोडं आवरतं, म्हणून अचूक गणित १.०५ × १०^-७ देतं. पीएच = ६.९८. आम्लाची संहती १०^-६ किंवा त्याखाली गेली की पाण्याला हिशेबात धरायचं.

७. उदासीन म्हणजे पीएच ७ हे कायमचं पक्कं आहे का?

फक्त २५ अंशांपुरतं. उदासीन म्हणजे [एच+] आणि [ओएच-] सारखे. पाण्याचं विचरण उष्णता शोषून होतं, म्हणून तापवलं की दोन्ही आयन वाढतात. [एच+] आणि [ओएच-] चा गुणाकार म्हणजे केडब्ल्यू, त्याचा उणे लॉग पीकेडब्ल्यू; ३७ अंशांना तो सुमारे १३.६ असतो, म्हणजे शरीराच्या तापमानाला उदासीन पीएच ६.८. उकळत्या पाण्याचा तर ६.१ च्या आसपास जातो, आणि तरीही ते पाणी आम्लधर्मी झालेलं नसतं. याच कारणाने ‘पीएच + पीओएच = १४’ हेसुद्धा २५ अंशांचंच सूत्र आहे.

जोडीला येणारा प्रश्न: पीएच ० च्या खाली किंवा १४ च्या वर जातो का? जातो. ० ते १४ ही कुंपणं नाहीत, सोय आहे. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीतल्या पाण्यात उणे ३.६ इतका पीएच नोंदला गेलाय.

८. दोन द्रावणं सारख्या प्रमाणात मिसळली तर पीएचची सरासरी घ्यायची ना?

पीएच हा लॉग आहे. लॉगची सरासरी काढणं म्हणजे पिनकोडची बेरीज करण्यासारखं. पीएच २ आणि पीएच ४ ची हायड्रोक्लोरिक आम्लं सारखी मिसळली तर [एच+] = (०.०१ + ०.०००१) / २ = ०.००५०५, पीएच २.३०. तीन नाही.

आम्ल आणि आम्लारी एकत्र आली तर अजून एक पायरी वाढते, आणि या सगळ्या पानावर एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही: आधी अभिक्रियेचा हिशेब पुरा करा, मग समतोलाकडे वळा. मोलमध्ये लिहा: किती आलं, किती खपलं, काय उरलं. उरलेल्यावरून सूत्र ठरतं. उरलं फक्त तीव्र आम्ल किंवा आम्लारी तर प्रश्न ४. फक्त सौम्य आम्ल तर प्रश्न ५. फक्त क्षार तर प्रश्न ९. सौम्य आम्ल आणि त्याचा क्षार दोन्ही, तर तो बफर, प्रश्न १०. मुलं सूत्र आधी निवडतात आणि मग आकडे त्यात कोंबतात. चुका तिथेच होतात.

९. मिठाचं पाणी उदासीन, मग धुण्याच्या सोड्याचं अल्कधर्मी आणि तुरटीचं आम्लधर्मी कसं? सगळे क्षारच ना?

क्षार कोणाकोणापासून झाला ते बघा. मिठातला क्लोराइड आयन तीव्र आम्लाचा वारस. त्याला हायड्रोजन परत नकोय. ॲसेटेट किंवा कार्बोनेट हे सौम्य आम्लांचे वारस. ते पाण्याकडून हायड्रोजन ओढून घेतात, मागे हायड्रॉक्साइड उरतो. उलट अमोनियम आयन हायड्रोजन सोडतो. तुरटीतला ॲल्युमिनियम आयन भोवतीच्या पाण्याच्या रेणूंना इतका आवळून धरतो की त्यांचाच हायड्रोजन सुटतो.

आकडा हवा असेल तर ०.१ मोलर सोडियम ॲसेटेट घ्या. केबी (आम्लारीचा स्थिरांक) = केडब्ल्यू / केए = ५.६ × १०^-१०. [ओएच-] = (५.६ × १०^-११) चं वर्गमूळ = ७.५ × १०^-६. पीओएच ५.१३, पीएच ८.८७. ०.१ मोलर अमोनियम क्लोराइडचा पीएच बरोबर उलट बाजूला, ५.१३. या दोन आकड्यांची जुळणी योगायोगाची आहे: ॲसेटिक आम्लाचा केए आणि अमोनियाचा केबी दोन्ही १.८ × १०^-५ आहेत. परीक्षकांना ही जोडी फार आवडते.

१०. बफर म्हणजे पीएच बदलू न देणारं द्रावण, असंच ना?

‘बदलू न देणारं’ नाही, ‘थोडाच बदलू देणारं’. सौम्य आम्ल आणि त्याची जोडीदार आम्लारी दोन्ही भरपूर प्रमाणात एकत्र असली की बफर होतो. बाहेरून आम्ल आलं तर जोडीदार आम्लारी ते पकडते, आम्लारी आली तर सौम्य आम्ल तिला गिळतं.

एक लिटर बफर घ्या, ॲसेटिक आम्ल ०.१ मोल आणि सोडियम ॲसेटेट ०.१ मोल. पीएच ४.७४. त्यात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. आधी हिशेब: ॲसेटेट ०.०९ उरलं, ॲसेटिक आम्ल ०.११ झालं. मग समतोल (सूत्र प्रश्न १२ मध्ये): ४.७४ + लॉग(०.०९/०.११) = ४.६५. तेवढंच आम्ल एक लिटर शुद्ध पाण्यात टाकलं असतं तर पीएच ७ वरून थेट २ वर आला असता. एकीकडे नऊ शतांश, दुसरीकडे पाच पूर्ण पायऱ्या.

हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मीठ यांचा बफर होत नाही, कारण क्लोराइडला हायड्रोजन धरताच येत नाही (प्रश्न ९).

११. पण दूध बफर आहे म्हणतात. मग विरजण लावल्यावर दही कसं होतं?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. दुधात फॉस्फेट, सायट्रेट आणि प्रथिनं मिळून चांगला बफर असतो. ताज्या दुधाचा पीएच ६.६ ते ६.७ असतो. विरजणातले जिवाणू लॅक्टोज खाऊन लॅक्टिक आम्ल करत राहतात. पहिल्या काही तासांत बफर ते पचवतो, पीएच हळूहळूच उतरतो. पण बफरचा साठा मर्यादित आहे आणि जिवाणूंची भूक तशी नाही. पीएच ४.६ च्या जवळ आला की केसीन या दुधातल्या प्रथिनाच्या कणांवरचा विद्युतभार शून्य होतो, ते एकमेकांना दूर ढकलत नाहीत आणि दही लागतं. बफर म्हणजे धरण; पूर लांबवतं, पण भरल्यावर सांडतंच.

डेअरीतल्या एकाने विचारलं होतं की ताज्या दुधात लॅक्टिक आम्ल जवळजवळ नसतं, तरी आम्लता ०.१३-०.१४ टक्के का दिसते. कारण ती चाचणी अनुमापनाची आहे: फिनॉल्फथॅलीन हा दर्शक गुलाबी होईपर्यंत किती अल्क लागलं ते मोजायचं. तेवढं अल्क दुधातला बफरच पितो. पीएच म्हणजे आत्ता सुटे असलेले हायड्रोजन आयन. अनुमापन आम्लता म्हणजे मागितल्यावर निघू शकणारे सगळे. नासायला आलेल्या दुधात खाण्याचा सोडा घालून पीएच वर आणणारे महाभाग असतात. आकडा सुधारतो, दूध सुधारत नाही.

१२. हेंडरसनचं समीकरण कुठून आलं? ते डोळे झाकून वापरलं तर चालतं का?

ते नवं काही नाही, केएचीच व्याख्या लॉग घेऊन लिहिली आहे: पीएच = पीकेए + लॉग([आम्लारी]/[आम्ल]). अमेरिकेत लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये रक्ताचा अभ्यास करताना ते बिनलॉगचं मांडलं; डेन्मार्कच्या कार्ल हॅसलबाल्ख यांनी पुढे १९१६ च्या सुमारास त्याला सोरेनसनच्या पीएचचा पोशाख चढवला.

डोळे झाकून चालत नाही. त्यात एक न बोललेलं गृहीतक आहे: तुम्ही टाकलेली आम्लारी आणि आम्ल जवळजवळ तेवढीच राहतात. पीएच ३ चं ॲसेटिक आम्ल (त्याची संहती ०.०५६६ मोलर येते) आणि पीएच ११ चं सोडियम हायड्रॉक्साइड (०.००१ मोलर) सारख्या आकारमानात मिसळा. हिशेबानंतर ॲसेटेट ०.०००५, आम्ल ०.०२७८. समीकरणात टाकलं तर पीएच ३.० येतो, म्हणजे अल्क टाकूनही ढिम्म. खरं उत्तर वर्गसमीकरणातून येतं: ३.३१. कारण आम्ल स्वतःहून फुटून जवळजवळ ०.०००५ एवढंच ॲसेटेट आणखी तयार करतं आणि गुणोत्तर पार बदलतं. जोडीतलं एक फारच कमी असेल किंवा दोन्ही संहती [एच+] च्या जवळपास असतील, तर हे समीकरण बाजूला ठेवा.

शिवाय या उदाहरणात पीएच ३ आणि ११ ची सरासरी ७ काढणारे दरवर्षी असतात. त्यांनी प्रश्न ८ कडे परत जावं.

१३. प्रत्यक्ष लॅबमध्ये बफर बनवायचाय, पीएच ५.०, ०.१ मोलर, एक लिटर. किती ग्रॅम घेऊ?

आधी पीकेए पीएचच्या एका पायरीच्या आत असलेली जोडी निवडा. ॲसेटेटचा ४.७४, चालेल. गुणोत्तर = १०^(५.०० - ४.७४) = १.८२. एकूण ०.१ मोल, म्हणून ॲसेटेट ०.०६४५ आणि आम्ल ०.०३५५ मोल. स्फटिकी सोडियम ॲसेटेट (तीन रेणू पाण्यासह, १३६ ग्रॅम प्रति मोल) ८.७८ ग्रॅम, आणि ग्लेशियल ॲसेटिक आम्ल २.०४ मिलिलिटर. डब्यावर ‘ट्रायहायड्रेट’ आहे की ‘ॲनहायड्रस’ ते वाचा. बिनपाण्याचं असेल तर ८२ ने गुणायचं, ५.२९ ग्रॅम. ही एक चूक अख्खा दिवस खाते.

मुरलेले टेक्निशियन एवढं गणित करत नाहीत. ०.१ मोल आम्ल सुमारे ८०० मिलिलिटर पाण्यात घेतात, मीटर बुडवून ठेवतात, सोडियम हायड्रॉक्साइड थेंब-थेंब टाकत ५.० वर आणतात आणि मगच लिटरपर्यंत पाणी भरतात. ही पद्धत चांगलीच आहे. फक्त पुढे जाऊन मागे आलात, म्हणजे अल्क जास्त झालं म्हणून आम्ल टाकलं, तर क्षाराचं प्रमाण वाढतं. नाजूक प्रयोगाला ते बाधतं.

१४. बफरमध्ये पाणी वाढवलं तर पीएच बदलतो का?

जवळजवळ नाही, कारण गुणोत्तर तेच राहतं. पण ताकद घटते. दसपट विरल केलेला बफर दहावा हिस्साच आम्ल झेलतो. सर्वात जास्त क्षमता (पीएच एकाने हलवायला लिटरमागे किती मोल लागतील या दराने मोजलेली) पीएच = पीकेए असताना मिळते, आणि ती एकूण संहतीच्या ०.५७६ पट असते. प्रश्न १० मधल्या बफरची एकूण संहती ०.२ मोलर, म्हणून क्षमता ०.११५, ०.०१ भागिले ०.११५ म्हणजे ०.०८७. तिथे आलेली नऊ शतांशांची घसरण हीच.

१५. अनुमापनात अर्ध्यावर पीएच = पीकेए कसा? आणि शेवटी ७ का येत नाही?

२५ मिलिलिटर ०.१ मोलर ॲसेटिक आम्लात तेवढ्याच संहतीचं सोडियम हायड्रॉक्साइड टाकत जा. सुरुवातीला २.८७ (प्रश्न ५). १२.५ मिलिलिटरला निम्मं आम्ल क्षार झालेलं असतं, गुणोत्तर १, लॉग शून्य, पीएच ४.७४. २४ ला ६.१२. २५ ला आम्ल संपतं आणि भांड्यात फक्त ०.०५ मोलर सोडियम ॲसेटेट उरतं (पाणी दुप्पट झालं, हे विसरू नका), आणि त्याचं द्रावण अल्कधर्मी (प्रश्न ९): पीएच ८.७२. २६ ला ११.२९.

म्हणून इथे फिनॉल्फथॅलीन, जे ८.२ च्या पुढे गुलाबी होतं. मिथिल ऑरेंजचा रंग ३.१ ते ४.४ दरम्यान बदलतो. तो निम्म्या वाटेच्या आधीच बदलून मोकळा होईल. हळदीचा अर्क घरी वापरलात तर तोही चालतो, अल्कात लालसर होतो. चुना घालून हळदीचं कुंकू करणाऱ्यांनी हे दर्शकाचं रसायन कित्येक पिढ्या वापरलंय.

१६. सल्फ्युरिक आम्ल तीव्र, मग ०.०१ मोलर घेतलं तर [एच+] ०.०२ च ना?

पहिला हायड्रोजन पूर्ण सुटतो, दुसरा नाही. त्याचा केए ०.०१२ आहे. ०.०१ पहिल्यातून पक्के, दुसऱ्यातून क्ष: क्ष(०.०१ + क्ष)/(०.०१ - क्ष) = ०.०१२, क्ष = ०.००४५. एकूण ०.०१४५, पीएच १.८४. सरळ दुप्पट केली असती तर १.७० आला असता. बोर्डाच्या बऱ्याच गणितांत दुप्पट करणंच अपेक्षित असतं, तेव्हा प्रश्न कुठल्या परीक्षेचा आहे तेही बघा.

१७. फॉस्फोरिक आम्लाला तीन पीकेए आहेत. कुठला घ्यायचा? आणि खाण्याच्या सोड्याचं काय?

पीकेए २.१५, ७.२० आणि १२.३५. तुमच्या पीएचला जवळचा घ्या. बाकीच्या दोन पायऱ्या तिथे गोठलेल्या असतात. म्हणून पीएच ७.४ साठी डायहायड्रोजन आणि मोनोहायड्रोजन फॉस्फेटची जोडी.

खाण्याच्या सोड्यातला बायकार्बोनेट आयन हायड्रोजन देऊही शकतो आणि घेऊही शकतो. अशा मधल्या आयनाचं द्रावण फार विरल नसेल तर पीएच दोन शेजारी पीकेएंची सरासरी: (६.३५ + १०.३३)/२ = ८.३४. इथे सरासरी चालते हे पाहून प्रश्न ८ चं उत्तर विसरू नका; ही पीकेएंची सरासरी आहे, दोन द्रावणांच्या पीएचची नाही.

१८. रक्ताच्या बफरचा पीकेए ६.१ आणि रक्ताचा पीएच ७.४. एका पायरीपेक्षा जास्त अंतर आहे, मग तो बफर चांगला कसा?

पुस्तकी निकषावर तो सुमारच आहे. बायकार्बोनेट २४ मिलिमोलर, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२ मिलिमोलर (४० मिलिमीटर पाऱ्याचा दाब गुणिले ०.०३), गुणोत्तर २० : १, लॉग १.३०, पीएच ७.४. सगळी गंमत ‘बंद भांडं’ या गृहीतकात आहे.

समजा रक्तात लिटरमागे १० मिलिमोल आम्ल आलं. बंद भांड्यात बायकार्बोनेट १४, कार्बन डायऑक्साइड ११.२, पीएच ६.२, माणूस वाचणार नाही. पण फुप्फुसं उघडी आहेत. तयार झालेला वायू उच्छ्वासातून गेला आणि विरघळलेला १.२ च राहिला तर पीएच ७.१७. आणि श्वास जोरात होऊन वायूचा दाब ४० वरून ३० वर आला तर ०.९ उरतो, गुणोत्तर १५.६, पीएच ७.२९. मधुमेहात कीटोआम्लं वाढलेला रुग्ण खोल-खोल, धापा टाकल्यासारखा श्वास घेतो तो याच हिशेबाने. बायकार्बोनेटची झालेली तूट मूत्रपिंडं सावकाश भरून काढतात. रक्तातली प्रथिनं, विशेषतः हिमोग्लोबिन, हा बाकीचा बफर. या गणितात तो सोडलाय.

यालाच जोडून येणारा प्रश्न: ‘अल्कलाइन पाणी’ प्यायल्याने रक्ताचा पीएच वाढतो का? ते पाणी आधी जठरातल्या आम्लात पडतं, आणि पुढे वर सांगितलेली यंत्रणा बसलेली आहेच. नाही वाढत.

१९. लोणारचं पाणी इतक्या पावसाळ्यांनंतरही अल्कधर्मीच का राहतं?

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर हा आपल्याकडचा सर्वात मोठा नैसर्गिक बफर म्हणायला हरकत नाही. पीएच साधारण ९.५ ते १०.५. उल्कापाताने बेसाल्टमध्ये झालेलं विवर, पाणी आत येतं पण बाहेर वाहून जायला वाट नाही. बाष्प उडतं, सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट मागे साचतात. कार्बोनिक आम्लाचा दुसरा पीकेए १०.३३, म्हणजे सरोवर नेमकं त्याच्या शेजारी बसलंय. पावसाचं पाणी (स्वच्छ पावसाचाही पीएच सुमारे ५.६, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे) त्याला विरल करतं, पण गुणोत्तर फारसं हलवत नाही, प्रश्न १४ चंच उत्तर, फक्त भांडं सव्वा-दीड किलोमीटर रुंद. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं ते पीएचमुळे रंग बदलणाऱ्या दर्शकासारखं नव्हतं. मीठप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने तो रंग आला होता.

२०. गणित एक सांगतं, पीएच मीटर दुसरंच. चूक कोणाची?

बहुतेक वेळा कोणाचीच नाही, पण या क्रमाने तपासा.

मीटर त्या दिवशी ४, ७ आणि ९.२ च्या बफरवर लावून घेतला होता का? काचेचा इलेक्ट्रोड एका पायरीला २५ अंशांना सुमारे ५९ मिलिव्होल्ट देतो. जुना झाला की कमी देतो. तो ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवायची सवय असेल तर मोडा. पोटॅशियम क्लोराइडच्या ३ मोलर द्रावणात ठेवतात.

मग तापमान. ट्रिस बफर अंशामागे ०.०२८ ने हलतो. २५ अंशांना ८.० वर लावलेला ट्रिस ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ८.६ च्या जवळ जातो. फॉस्फेट त्या मानाने स्थिर.

मग सक्रियता. गणितात आपण संहती घेतो, इलेक्ट्रोड मात्र आयनांची ‘परिणामकारक’ संहती बघतो. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा गणिती पीएच १.००, मीटरवर १.१ च्या जवळ दिसेल, आणि मीटर बरोबर असेल. म्हणूनच पीकेएवरून आखलेला बफर एक-दोन दशांश इकडेतिकडे निघतो.

आणि नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याचा पीएच ७ येत नाही म्हणून मीटर बदलायला निघालेल्यांसाठी: हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि आकडा ५.६ कडे सरकतो. शिवाय त्यात आयन इतके कमी असतात की मीटर एका जागी ठरतच नाही. उकळून, झाकून गार करा, चिमूटभर पोटॅशियम क्लोराइड टाका आणि पुन्हा मोजा.